कॅमेरा दहाला उघडायचा

जगात जे जे हातानं केलं जातं ते ते लवकरच बंद पडणार, आणि बंद पाडणाऱ्यांत आपलं नाव बरंच वर असणार, असं अमरेश हुक्केरीचं ठाम मत होतं. हे मत तो चहाच्या पहिल्या घोटाला मांडायचा आणि दुसऱ्या घोटाला सिद्ध करून दाखवायचा. तिसऱ्या घोटापर्यंत ऐकणारा उठून गेलेला असायचा. त्यामुळं त्याचं म्हणणं आजवर कुणी खोडून काढलेलं नव्हतं, आणि हेही तो स्वतःच्याच जमेला धरायचा.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका गल्लीत, गुळाच्या जुन्या गोदामात, तो नोकरी करायचा ती कंपनी होती. खाली लॅब, वर संगणक. खालच्या बायका केळीच्या कंदातला बोटाच्या पेराएवढा कोंब कापून काचेच्या बाटलीत, जेलीसारख्या खाद्यावर ठेवायच्या. कोंब फुटला की त्याचे तुकडे करून पुन्हा नव्या बाटल्यांत. असं करत एका कंदाची शेकडो रोपं व्हायची आणि शेतकऱ्यांच्या टेम्पोत चढायची. भीती एकच, बुरशीची. हवेतला एक कण बाटलीत शिरला की चार दिवसांत आत कापूस पिंजल्यासारखं व्हायचं आणि कोंब हातचा जायचा.

वर अमरेश बसायचा. खाली किती बाटल्या जगतील, किती मरतील, कुठल्या महिन्यात किती रोपं निघतील, हे सांगणारा प्रोग्राम तो लिहायचा. कोंबाकडं न बघता सांगायचा, हे त्याच्या लेखी विशेष. डॉक्टरनं पेशंट आत यायच्या आधीच त्याच्या दाराबाहेरच्या चपलेवरनं रोग ओळखावा, तशी ही ऐट होती.

लॅबची प्रमुख अनुजा. एम.एस्सी. झालेली, इचलकरंजीची, मापात बोलणारी. अमरेश नोकरीला लागला त्याच दिवशी ती त्याला म्हणाली होती, "एक महिना खाली बस. चिमटा धर, ब्लेड धर, चार बाटल्या घालव. मग प्रोग्राम लिही."

"म्हणजे पोहायला आल्याशिवाय पुलाचं डिझाइन करायचं नाही म्हण की."

"कर. पण नदीला पाणी किती येतं ते तरी बघून ये."

"ते मला आकडे सांगतील."

"आणि आकड्यांना कोण सांगणार?"

अमरेशनं नुसतं स्मित केलं. अनुजाचा मात्र हातावर भारी विश्वास. "माझी पहिली बॅच एक बाटली न जाता निघाली," असं ती दर नव्या मुलीला सांगायची, आणि सांगताना पैलवान दंडाकडं बघतो तसं स्वतःच्या उजव्या मनगटाकडं बघायची. चप्पल बदला, कोपरापर्यंत हात धुवा, स्पिरिट चोळा, तोंडाला पट्टी बांधा, चिमटा ज्योतीवर लाल करा, प्रत्येक कापाआधी पुन्हा लाल करा, आणि बाटली उघडी असेतोवर तोंडातनं शब्द काढू नका. अमरेश या सगळ्याला सोवळं म्हणायचा.

पुढं अनुजा बाळंतपणासाठी माहेरी गेली. जाताना बजावून गेली, "मी येईपर्यंत हाताचं काही कमी करू नकोस."

"छे छे," अमरेश म्हणाला, आणि तिच्या रिक्षानं कोपरा ओलांडला तसा वर जाऊन त्यानं कॅमेऱ्याची ऑर्डर टाकली.

मालकांनी अडवायचा प्रश्नच नव्हता. विजयसिंहांच्या वाडवडिलांनी गुळाची ढेप बोटानं वाजवून माल ओळखला; विजयसिंहांना मात्र ज्या वस्तूला पडदा आणि लुकलुकता दिवा आहे अशा प्रत्येक वस्तूबद्दल आदर. त्यांनी एवढंच विचारलं, "हे पावण्यांना दाखवता येईल न्हवं?"

"दादा, पावणे दुसरं काही बघणारच नाहीत."

कॅमेरा खालच्या खोलीत, बाटल्यांच्या मांडण्यांसमोर बसला. अनुजा नसताना खालचं सगळं तानाबाईकडं होतं. लॅबमधली सर्वांत जुनी बाई. ती बराच वेळ कॅमेऱ्याखाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली, नव्या सुनेकडं बघावं तशी.

"ह्यो कवा बघतो वो, साहेब?"

"दहाला. रोज दहाला उघडणार, सगळ्या मांडण्यांचा फोटो काढणार, चांगल्या किती, बुरशीच्या किती, मोजणार आणि वर मला कळवणार."

"दहालाच का?"

"मी दहाला येतो."

"बरं," तानाबाई म्हणाली.

हा 'बरं' त्यानं जरा कान देऊन ऐकला असता तर ही गोष्ट इथंच आटोपली असती आणि एका म्हातारीचं परस आज भरलेलं असतं. पण तो शिडीवरनं उतरण्यात गुंतला होता. बायका आठला कामावर येतात हे त्याला ठाऊक होतं. आठ ते दहा त्या काय करतात, हा प्रश्न त्याला कधी पडला नाही.

दोन महिने कॅमेऱ्यानं जे कळवलं ते बघून अमरेश खुर्चीत ताठ झाला. खराब बाटल्या जवळजवळ नाहीतच. सोमवारी नाहीत, शनिवारी नाहीत, नवशिकी मुलगी बसली तरी नाहीत, दुपारभर वीज गेली तरी नाहीत. उलट एखाद्या मांडणीत आदल्या दिवसापेक्षा चार बाटल्या जास्तच दिसायच्या. दुसऱ्या कुणाला यात काळंबेरं दिसलं असतं. अमरेशला शोध दिसला. बुरशीचा आणि हाताच्या सोवळ्याचा काडीचाही संबंध नाही, हे त्यानं रंगीत आलेखांनी सिद्ध केलं. चिमटा एकदा तापवला की पुरे. पट्टी नसली तरी चालेल. बोलणं तर हवं तेवढं.

"मग इतकी वर्षं आपण चिमटे कशाला जाळत बसलो?" विजयसिंहांनी विचारलं.

"श्रद्धा, दादा."

विजयसिंह विचारात पडले. श्रद्धेला हात घालताना कोल्हापुरात माणूस जरा आजूबाजूला बघतो. "असं कर," ते म्हणाले, "आधी तू स्वतः एक बॅच काढून दाखव तुझ्या पद्धतीनं. मग बायकांना सांगू."

नेमका त्याच आठवड्यात गडहिंग्लजच्या पलीकडच्या गावातनं रत्नव्वा आत्तीचा फोन आला.

"तम्मा, केळीला मर लागलाय रे," आत्ती म्हणाली. भाच्याला ती अजून तम्माच म्हणायची. "विहिरीकडची गेली, बांधावरची गेली. परसातली तेवढी उभी हाय. तू केळीचंच काय तरी करतोस न्हवं?"

परसातली केळ जवारी होती. म्हणजे अस्सल त्या मातीतली, बाजारात न मिळणारी. फळ बोटाएवढं, गुबगुबीत, साल कागदासारखी. आणि घड पिकायला लागला की वास आधी सोप्यात यायचा, मग गल्लीत, मग ज्यांच्याशी बोलणं बंद आहे तेही ताक मागायच्या निमित्तानं यायचे. आत्तीचा नवरा, चन्नाप्पा मामा, यानं लग्नाच्या वर्षी सीमेपलीकडच्या पावण्यांकडनं तिचा कंद सायकलला बांधून आणला होता. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. केळ दरसाल बुडाशी नवे मुनवे, म्हणजे पिल्लं, काढून उभीच होती. अमरेशच्या लहानपणच्या सगळ्या सुट्ट्यांना तिचा वास होता.

तो रविवारी गेला. "बा तम्मा, बा," म्हणत आत्तीनं पाणी दिलं, गूळ दिला आणि चहा व्हायच्या आधीच परसात नेलं. बुंध्याशी तीन मुनवे होते, अजून निरोगी.

"दोन तू ने," आत्ती म्हणाली. "एक मी गच्चीवर टबात लावते."

"कशाला, आत्ती? रोग ह्या मातीतच हाय. टबात ठेवलास तर तिथनं परत पसरंल. तिन्ही दे."

"एक असू दे की. जिवाला बरं असतं."

"अगं, ढिगानं रोपं करून आणतो. संगणकानं सगळा हिशेब केलाय. एक बाटली वाया जात न्हाई."

"संगणकानं केळ लावलीया व्हय कधी?"

"त्याला लावायची गरजच न्हाई."

आत्तीनं त्याच्याकडं बघितलं. भाऊ इंजिनियर न झाल्याचं दुःख पचवून भाचा झाला म्हणून तिनं गावात पेढे वाटलेले. एवढ्या शिकलेल्या पोराला नाही कसं म्हणायचं? तिनं खुरपं घेतलं, तिन्ही मुनवे आपल्या हातानं काढले, मामाच्या जुन्या धोतराच्या ओल्या फडक्यात बांधले आणि प्रत्येकाला विभूतीचं बोट लावलं. मग अमरेशच्याच सांगण्यावरनं जुना बुंधा खणून काढला, जाळला, खड्ड्यात चुना टाकला. परस मोकळं झालं. निघताना अमरेशनं बघितलं, आत्ती भांडी धुतलेलं पाणी घेऊन सवयीनं तिथवर गेली, आणि पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिली. पाणी कुठं ओतायचं ते तिला सुचेना.

सोमवारी अमरेश लॅबमध्ये उतरला. चप्पल बदलली, तेवढी श्रद्धा त्यानं ठेवली. कंद सोलले, आतला कोंब काढला आणि वारं गाळून सोडणाऱ्या काचेच्या कपाटासमोर बसला. चिमटा ज्योतीवर एकदा फिरवला, जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवावं तसा. पट्टी हनुवटीवर. फोन कानाला, आणि फोनवर विजयसिंह.

"हो दादा, आत्ताच करतोय. हे बघा, कापतानाच बोलतोय तुमच्याशी. पुढच्या वर्षी तर हेही यंत्र करंल."

शेजारच्या कपाटावर बसलेल्या तानाबाईचा हात थांबला. तिनं पट्टीआडनं शेजारणीकडं बघितलं. शेजारणीनं वर छताकडं.

फोन ठेवल्यावर तानाबाईनं हळूच विचारलं, "साहेब, हात बसवायला घेतलाय व्हय?"

आता इथं अमरेशनं सांगायला हवं होतं, की मावशी, ही माझ्या आत्तीची शेवटची केळ आहे. पण आपण आत्तीसाठी खाली येऊन बसलोय, हे कबूल करणं त्याला जरा घरगुती वाटलं. शास्त्रज्ञाला शोभेल असं काही त्याला हवं होतं. तो हसून म्हणाला, "असंच समजा."

"बरं," तानाबाई म्हणाली.

बाटल्यांच्या लेबलांवर त्यानं 'आर-व्ही' एवढंच लिहिलं. रत्नव्वा असं पूर्ण नाव लिहिलं असतं तर खालच्या बायकांनी दोन प्रश्न तरी विचारले असते. आर-व्हीला कोण विचारणार?

पुढं रोज दहाला त्याच्या फोनवर आर-व्हीच्या नावापुढं हिरवी खूण यायची. एकही बाटली खराब नाही. चौथ्या दिवशी नाही, चौदाव्या दिवशी नाही. कोंब फुटले, वाढले, त्यांचे तुकडे झाले. पहिल्या बॅचनंतर अमरेशनं खाली जायचं सोडलं. पुढची कापाकापी बायकांनीच केली, त्यांच्या नेहमीच्या सोवळ्यात. आलेखातली वाढ आणि कॅमेऱ्यातली वाढ एकमेकींवर अशी बसली, की जणू एकाच आईच्या दोन लेकी. तरीही बायकांनी चिमटे जाळायचं थांबवावं असा हुकूम काही निघाला नाही, कारण विजयसिंहांना अनुजाची भीती वाटायची. पडदा आणि दिवा असलेल्या वस्तूंपेक्षा ते तिलाच जास्त मानायचे, फक्त बोलून दाखवायचे नाहीत.

अनुजा परत आली. आल्या आल्या विचारलं, "बुरशी किती?"

"नगण्य."

"काढून टाकलेल्या बाटल्या धरून ना?"

"कॅमेरा सगळं बघतो की."

अनुजाला वाटलं, कॅमेरा दिवसभर उघडा असतो. अमरेशला वाटलं, अनुजाला पटलं. मग दोघं बाळाचे फोटो बघत बसले.

रोपं तयार झाली. पिशव्यांत लावलेली, टवटवीत, एका उंचीची. विजयसिंहांनी टेम्पोला झेंडूचा हार घातला, फोटो काढला आणि अमरेशच्या पाठीवर थाप मारली. गावात टेम्पो शिरला तेव्हा शेजारपाजारचे गोळा झाले. आत्तीनं रोपांना हळदीकुंकू लावलं. लावता लावता एका रोपापाशी तिचा हात रेंगाळला. तिनं पानाचा देठ बोटांनी उलटा करून बघितला, दुसऱ्याचा बघितला, तिसऱ्याचा बघितला. मग पदराला हात पुसून म्हणाली, "लई ताजी हायत रे रोपं."

त्या दिवशी तिनं अमरेशला पुरणाच्या होळगीवर जरा जास्तच तूप वाढलं. त्याला तो सत्कार वाटला.

वर्षभरानं घड पिकल्याचं कळलं तेव्हा तो मुद्दाम गेला. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली आणि वास यायची वाट बघत चालू लागला. सोप्यात पोचला तरी वास नाही. सर्दी झाली असेल म्हणून त्यानं नाक शिंकरून बघितलं.

घड भलामोठा होता. केळी वीतभर लांब, कमानदार, पिवळीजर्द. आत्तीनं स्टीलच्या ताटात फणी मांडून पुढं ठेवली.

"यंदा पाणी बरं मिळालं," ती घाईनं म्हणाली. "म्हणून जरा लांब झाली."

त्यानं एक सोललं. खाल्लं. कोल्हापूरच्या स्टँडवर गाडी सुटता सुटता खिडकीतनं घेतो, ते केळं. दुसरं सोललं. तेच.

"आत्ती, ही जवारी न्हाई."

"तसं काय न्हाई. खत निराळं पडलं आसंल. गोड हायत की."

"आत्ती."

आत्ती ताटातली फणी उगाच फिरवत राहिली. देठ तिच्याकडं, मग देठ त्याच्याकडं.

"कधी कळलं तुला?"

"कुंकू लावताना. जवारीच्या देठाला तांबडी कड असती."

"वर्षभर पाणी घातलंस ह्यांना. मला सांगितलं का न्हाईस?"

"कसं सांगायचं, तम्मा? हार घालून टेम्पो आणलास. चार माणसं जमलेली. तुझं तोंड केवढंसं झालं असतं."

तोंड आता केवढंसं झालं होतं, पण ते बघायला चार माणसं नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी अमरेश आयुष्यात पहिल्यांदा आठला कामावर गेला. खालचं दार उघडं होतं. आत तानाबाई आणि बाकीच्या बायका मांडण्यांपुढं लगबगीत होत्या. एकजण बुरशी आलेल्या बाटल्या उचलून घमेल्यात टाकत होती. दुसरी रिकाम्या जागा आतल्या खोलीतल्या बाटल्यांनी भरत होती. तानाबाई पुढच्या ओळीतली एकेक बाटली पदरानं पुसून लेबल समोर करून ठेवत होती, दसऱ्याला फळीवर तांब्याची भांडी मांडतात तशी. एरवी दहाला येणारी अनुजाही त्या दिवशी बाळाला पाळणाघरात लवकर सोडून नुकतीच येऊन दारात उभी होती.

"हे काय चाललंय?" अमरेशनं विचारलं.

तानाबाई दचकली नाही. उलट जरा नाराज झाली, पावणा ठरल्या वेळेच्या आधी आल्यावर घरच्या बायका होतात तशी. "आवरतोय की. दहाला कॅमेरा यायचा."

"कॅमेरा येत नाही, मावशी. तो इथंच असतो."

"पण बघतो दहाला. मग त्याच्या आधी आवरायला नको? पावणं दारात आल्यावर केर काढतो व्हय आपण?"

"कॅमेरा पावणा नाही."

"रोज ठरल्या वक्ताला उघडतो, सगळं घर बघतो, वर जाऊन सांगतो. पावणाच की."

"आणि ह्या रिकाम्या जागा भरता त्या?"

"भोकं दिसली तर तुमचं तुम्हालाच वंगाळ दिसंल. तुम्ही लावलेला कॅमेरा."

अमरेशचे दोन महिन्यांचे आकडे, रंगीत आलेख, श्रद्धेवरचं भाषण, सगळं त्याच्या डोळ्यांसमोर घमेल्यात पडलं. अनुजाही हळूच भिंतीला टेकली. "मला वाटलं, तो दिवसभर उघडा असतो," ती म्हणाली.

खरा प्रश्न अजून विचारायचा होता. तो विचारायच्या आधीच अमरेशला उत्तर माहीत होतं, आणि तरीही वाटत होतं की तानाबाई काहीतरी वेगळं सांगेल.

"मावशी, गेल्या वर्षीच्या माझ्या बाटल्या. आर-व्हीच्या."

"त्या व्हय? त्या चौथ्या दिवशीच गेल्या." तानाबाईचा आवाज मऊ झाला. "सगळ्या. काळी आलती, पांढरी आलती, एकीत तर गुलाबी. मी म्हटलो ह्या पोरींना, साहेबांच्या हाताला रंग लई."

"आणि त्यांच्या जागी?"

"आपल्या नेहमीच्या बाजारी केळीच्या, जी-नाइनच्या, ठेवल्या. तुमचं लेबल काढून चिकटवलं."

"का पण?"

"हात बसवायला घेतलाय म्हटला न्हवं तुम्ही? नव्या माणसाचं आम्ही तसंच करतो. पैल्याच खेपेला सगळं गेलेलं बघितलं की मन मोडतं, परत चिमटा धरत न्हाईत. म्हणून पैली बॅच आम्ही सांभाळून घेतो. सगळ्यांचीच घेतो. अनुजा मॅडमची पण घेतलेली."

अनुजानं आपल्या उजव्या मनगटाकडं बघितलं आणि ते मनगट हळूच ओढणीखाली घेतलं.

"माझी?" ती म्हणाली. "एकही बाटली न गेलेली?"

"सात आठ राहिल्या होत्या की तुमच्या," तानाबाई समजुतीनं म्हणाली. "हात बराच होता."

अमरेशनं रागवायचा प्रयत्न केला. पण रागवायचं कुणावर, याचा हिशेब कुठूनही मांडला तरी बाकी त्याच्याच नावावर निघत होती. आत्तीनं एक मुनवा मागितला होता. तो त्यानं दिला नव्हता. बायकांनी विचारलं होतं. त्यानं 'असंच समजा' म्हटलं होतं.

आर-व्ही म्हणजे काय होतं ते त्यानं सांगितल्यावर तानाबाई खाली स्टुलावर बसली. "एवढं बोलायचं हुतं की हो," ती म्हणाली. "एक शब्द टाकायचा हुता. आम्ही मिळून जिवावर घेऊन केली असती." मग बराच वेळ ती हातातली बाटली पुसत राहिली. बुरशीचीच बाटली होती ती.

त्यानंतर सुधारणा झाल्या. अमरेशनं कॅमेरा आठला उघडेल असं केलं. बायका सातला यायला लागल्या. मग त्यानं सक्त ताकीद दिली, खराब बाटल्या मांडणीवरच राहू द्यायच्या. दुसऱ्या दिवशी राहिल्या खऱ्या, पण पुसून, लेबल समोर करून, त्यातल्या त्यात देखण्या बुरशीच्या तेवढ्या निवडून पुढच्या ओळीत. शेवटी त्यानं प्रोग्राम बंद केला. विजयसिंहांनी मात्र पडदा तेवढा काढू दिला नाही. तो आता खाली स्वागतकक्षात आहे, हिरव्या खुणांसकट. कॅमेरा पुन्हा दहाला उघडतो, कारण पावणे साधारण साडेदहापर्यंत येतात.

आत्तीकडं जाऊन त्यानं सगळं सांगितलं. मुनवे चार दिवसांत गेले, आणि आपल्या हातानं गेले, हेही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग आत जाऊन चहा ठेवून आली आणि म्हणाली, "जाऊ दे रे. मला तरी ती केळी कुठं एवढी आवडायची? तुझ्या मामाला आवडायची."

तो वर बघेना, म्हणून तिनं पुढं जोडलं, "आणि वास पण लई यायचा. डोकं दुखायचं."

आत्तीचं डोकं आयुष्यात कधी दुखलेलं नव्हतं. घरातला केर कसा झटकन पाटीखाली सारला जातो, ते अमरेश आता ओळखायला शिकला होता. तो चहा प्याला. बशी खाली ठेवताना परसात नजर गेली. जी-नाइनच्या बुडाशी भांड्यांचं पाणी ओतलेलं होतं. कुठंतरी ओतायचं, म्हणून.

आता तो रोज सकाळी तासभर खाली बसतो. अनुजाही शेजारच्या कपाटावर बसते, बोलत नाही. चप्पल, कोपर, स्पिरिट, पट्टी, ज्योत. त्याच्या बाटल्या जातात. आधी सगळ्या गेल्या, मग बऱ्याचशा. अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक बाटलीच्या बुडाला तो लाल पेनानं बारीकसा ठिपका देतो. हे त्यानं कुणालाच सांगितलेलं नाही.

परवा तो आला तर त्याच्या ओळीतल्या झाडून सगळ्या बाटल्या स्वच्छ होत्या. काचेपलीकडं हिरवे कोंब, खाली नितळ जेली, एकीतही कापूस नाही.

"ह्या माझ्याच काय, मावशी?"

"तुमच्याच की," तानाबाई म्हणाली. जरा लवकरच म्हणाली, आणि आधीच पुसलेली फळी पुन्हा पुसायला लागली.

अमरेशनं एक बाटली उचलली. नुसती उलटी करायची होती. त्यानं ती उजेडात धरली, कोंबाकडं बघितलं, तानाबाईच्या पाठीकडं बघितलं. त्याला आत्तीच्या ताटातली ती फणी आठवली, देठ तिच्याकडं, मग देठ त्याच्याकडं.

मग त्यानं बाटली होती तशीच, सरळ, ओळीत ठेवली. लेबल समोर केलं. दहाला अजून अवकाश होता.